नाव न घेण्याचे तेल

औषधाचे नाव घेतले की त्याचा गुण जातो, या लोकसमजावर मी अनेक व्याख्याने दिली आहेत. पण त्याची खरी परीक्षा माझ्या पायांनी घेतली. पिंपळगाव रेणुकाईत लोकौषधींच्या नोंदी घेताना माझ्या पायांना चिखल्या झाल्या. खाजेपुढे संशोधन सुचेना. गावात औषध देणाऱ्या कौसामावशींनी खोबरेल तेलात कसल्याशा उग्र तेलाचे थेंब टाकून दिले.

"रोज लावा सर, पाय कोरडे ठेवा. नाव मात्र इचारू नका."

काही आठवड्यांत खाज थांबली. पेढे घेऊन गेलो आणि न राहवून विचारले, "मावशी, कोणत्या रानातली ही वनस्पती?"

"रानातली कशाची? सुनेनं मोबाइलवरून मागवलं." त्यांनी फडताळातून बाटली काढली.

मी मोठ्याने वाचले, "टी ट्री ऑइल! मावशी, मग तो नाव न घेण्याचा नियम?"

"मला ते नाव घेताच येत न्हाई, म्हणून तर गुण बराबर येऊन राह्यला! घेतलं तुम्ही. आता खाज सुटली तर माझ्याकडं येऊ नका."

आम्ही दोघेही खूप हसलो. तरी बसथांब्यावर पोहोचताच मी चप्पल काढून बोटे तपासलीच.