कोंड्याचं सत्त्व

मी जांभूल गावची. बापूस भातशेतीवाला. भात गिरनीतून आला का तांदूल मानसांना नि कोंडा म्हशीला, या वाटनीत कधी फरक न्हाय. लगीन होऊन अंबरनाथला आली, पूर्वेला. नवरा रिक्षा चालवतो, सासू घरात. मी एमआयडीसीत मसाले भरायला जायची, एका मॅडमच्या लहानशा कारखान्यात, आमी चौघी बाया. एक दिवस मॅडम बोलल्या, मसाला बंद, आता कोंड्यातून प्रोटीन काढायचा. काय सांगू तुमाला, आमी एकमेकींकडं बघून खुदकन हसलो.

मग सुरू झाला. कोंडा चालनीतून चालायचा, सोड्याच्या खाराच्या पान्यात ढवलायचा, गालायचा, नि त्या पान्यात आंबट टाकला का प्रोटीन दूध फाटल्यावानी खाली बसला पायजे. पायजे! बसायचा तो काला, आन् वास असा का नाक धरून पला. कोंडा शिला झाला का खवट होतो ना. मॅडमचा तोंड उतरला. बोलल्या, कमल, ताजा कोंडा न्हाय मिलाला तर कुलूपच लावावा लागेल.

जांभूलला माझ्या चुलतभावाची गिरनी. त्याला फोन लावला, तर बोलतो, ताई, येडी झालीस का, म्हशीचा घास कारखान्याला? मी बोलली, तू नुस्ता गरम गरम दे. नवऱ्याच्या रिक्षात पोती, पोत्यांवर मी नि मॅडम, डोक्यापासून पायापरेंत कोंडाच कोंडा. आल्या आल्या लागलो कामाला, आंबट टाकला, आन् बगता बगता पांढरा थर खाली बसला, ताज्या पनीरसारखा! मॅडमनी मना मिठी मारली, आमी तिथंच नाचलो, ओल्या फरशीवर, एक बाई तर घसरून पडली नि पडल्या पडल्या हसत बसली.

सासूला तवा टायफाइड होऊन गेलेला, अंगात जीव न्हाय, दोन घास खाऊन ताट सारायची. मॅडमना इचारून तो थर वालवून केलेली थोडी पावडर आनली, पेजेत घातली. ती बोलली, काय गो घातलास? मी बोलली, कोंड्याचा सत्त्व. तिनं डोक्यावर हात फिरवला. बोलली, मना शिंगं फुटली का? आन् वाटी पुढं केली, अजून वाढ.

तेवढ्यानंच बरी झाली असा मी बोलनार न्हाय, औषधा होतीच. पन पेज मागून खायला लागली. कारखाना आता जोरात हाय. आन् परवा शेजारच्या हलदीत आमच्या म्हातारीनं उभी राहून धवला गायला, आमच्या लग्नातला गाना तो. आवाज असा चढला का मांडवातल्या सगल्या बाया तिच्या मागून गायला लागल्या. मी पन. देव सगल्यांच्या घरची म्हातारी अशी गाती ठेवो.