सोवळ्यातला डेटाबेस

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे शौनक, रजा किती दिवस वाढवलीस?" वाढवलीस म्हणे! अहो, रजा मी नाही वाढवली, रजेनं मला धरून ठेवलंय! तुम्हाला सांगतो, मी पुण्याहून आलो होतो दोन दिवसांसाठी, दोन शर्ट घेऊन, आणि काम काय, तर दोन कमांडचं! एका कमांडनं उतरवून घ्यायचं, दुसरीनं चालू करायचं. दोन कमांडचं काम! हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं काकांसमोर बोललो. तेव्हाच माझी जीभ का झडली नाही?

आमचे शामसुंदरकाका रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. म्हणजे कुठल्या गावचं कुठलं घराणं आमचं यजमान, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. ते आले की त्यांचं श्राद्धपक्ष करायचं आणि आमच्या वहीत त्यांच्या पणजोबांचा अंगठा दाखवायचा. आता काकांना मूलबाळ नाही, गुडघे कामातून गेलेले, आणि अख्ख्या घराण्यात पुतण्या एकच. कोण? हा! गेली सहा वर्षं काकांच्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला, "गादीवर कधी बसतोस?" बरंय नाही, ठेवतो नाही... डायरेक्ट गादी!

म्हणून मी डोकं चालवलं. चालवू नये माणसानं! म्हटलं, काका, तुम्हाला माणूस हवाय कशाला? सर्वपित्रीला ही गर्दी, कोण आधी आला कोण नंतर ते लक्षात ठेवायला, वहीतलं पान शोधायला, एवढंच ना? ते मशीन करील. मशीन बसलं, तर मी सुटलो? काका म्हणाले, "बसलं तर सुटलास." शब्द दिला! इंदिराकाकूंच्या समक्ष दिला!

चतुर्दशीला दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. काकांना समजावलं, की हा डेटाबेस वेगळा आहे, सगळं डोक्यातच ठेवतो, कपाटात शोधत बसत नाही, विचारलं की क्षणात उत्तर. काका खूश. "म्हणजे मुखोद्गत! आणि राहतो कुठे?" म्हटलं, कंटेनरमध्ये. एका डब्यात एकटाच बसतो, बाहेरच्या कोणाला शिवत नाही, बाहेरचं कोणी त्याला शिवत नाही. "अरे, म्हणजे सोवळ्यात!" आता इथं मी हो म्हणायला नको होतं... पण म्हणालो ना!

पहिली कमांड, उतरला. दुसरी कमांड, चालू झाला. दोन कमांडचं काम! फक्त... बोलेना. आत जिवंत, बाहेर चकार शब्द नाही. मग लक्षात आलं, डब्याला बाहेर बोलायला वाट ठेवावी लागते, ती मी ठेवलीच नव्हती. म्हटलं, काका, खिडकी उघडावी लागेल. "सोवळ्यात असताना खिडकी?" झालं! अर्धा तास शास्त्रार्थ! शेवटी स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, नैवेद्य काय भिंतीतून बाहेर येतो का? उघडू द्या त्याला!" उघडली. तर आता बोलतोय, पण माझं ऐकत नाही. का? तर मी लिहिलेल्या सेटिंगची फाइल बाहेर, हा आत, त्याला ती दिसतच नाही! काढा कंटेनर, फाइल आत द्या, लावा पुन्हा. फाइलमध्ये एक शब्द चुकला, काढा, लावा! काका शेजारी बसून बोटं मोजतायत. "ही कितवी कमांड रे?" दुसरीच, काका. "सकाळच्या संध्येला इतकी आचमनं नसतात." दोन कमांडचं काम!

त्यात काकांचा हट्ट, नुसती नावं नकोत, प्रत्येक यजमानाच्या वहीच्या पानांचे फोटोसुद्धा आत पाहिजेत. लॅपटॉप जुना, डेटाबेसला मी जागा दिलेली बेताची. म्हणून एक सेटिंग विचारून घेतली. काका, जागा भरली तर दोनच मार्ग. एक, नवीन येणाऱ्याला नाही म्हणायचं. किंवा आतल्यांपैकी ज्याची बराच वेळ कोणी चौकशी केली नाही, त्याला काढून टाकायचं. काका ताडकन उठले, गुडघे विसरून उठले! "आपल्या घरात दारी आलेल्याला नाही म्हटलेलं नाही. माझ्या आजोबांनी नाही म्हटलं, वडिलांनी नाही म्हटलं. नाही म्हणायचं नाही!" म्हटलं, ठीक आहे, दुसरा मार्ग. टाकली सेटिंग. तुम्हीच सांगा, काका धर्माचं बोलत होते, मी कंप्युटरचं बोलत होतो, कोणाचं चुकलं?

अमावास्येला पहाटेपासून घाटावर. यजमान येतोय, मी नाव-गाव-गोत्र टाइप करतोय, वहीच्या पानांचे फोटो चढवतोय, तो मोबाइलवर नाव घालतोय, नंबर दिसतोय, काका खुर्चीवरून सगळ्या घाटाला सांगतायत, "आमच्या पुतण्यानं केलंय!" चौसष्ट घरं! मी मनातल्या मनात दुपारच्या बसमध्ये बसलोसुद्धा... खिडकीशी!

अकराच्या सुमाराला एक माणूस पुढे आला. पिंपळगाव बसवंतचे कोंडाजी. सहा वाजल्यापासून आईला, सरुबाईंना घेऊन एका कोपऱ्यात गप बसलेले. "साहेब, आमचा लंबर कवा येईल?" मी नाव घातलं. नाही. पुन्हा घातलं. नाहीच! यादी उघडली... चौसष्टातली एकोणीस घरं शिल्लक! आणि ती कोण? इंदिरानगरातले एक गृहस्थ होते, गळ्यात मोबाइल लटकवलेला, दर पाच मिनिटांनी, "अहो, आमचा नंबर बघा ना जरा," ते शिल्लक! ज्यांनी ज्यांनी भंडावून सोडलं, ते सगळे शिल्लक! आणि जे बिचारे शांत बसले होते, त्यांची चौकशी कोणी केली नाही, म्हणून त्यांना मशीननं काढून टाकलेलं! फोटोंनी जागा भरली होती हो! आलेल्याला नाही म्हणायचं नव्हतं ना? मग बसलेल्याला हाकललं!

आता माझ्याभोवती पंचेचाळीस घरं. मागं भिंत, पुढं टेबल, टेबलापुढं माणसं! "मी आधी आलो!" "अहो, आम्ही इगतपुरीहून पहिल्या गाडीनं आलो!" "यादीत आहे तेच खरं!" हे कोण? इंदिरानगर! आणि सगळ्यांचं दुपारी एकाच वेळेत व्हायला हवं, उशीर झाला की वर्ष गेलं. कोंडाजी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं! म्हणाले, "बा गेला तवा तिथी कोनी लिहूनच ठिवली नाय, म्हून अमावशेला करतो. आन् आता इथं बी त्याचं नाव नाय." एवढंच. मला इतकी लाज वाटली... लॅपटॉपमागं तोंड लपवावं म्हटलं, तर लॅपटॉप चौदा इंची!

आणि मग मी तोंड उघडलं. कशाला उघडलं? गप्प राहिलो असतो, काकांनी काहीतरी निभावून नेलं असतं, मी बदनाम होऊन पुण्याला गेलो असतो, सुखानं गेलो असतो! पण त्या म्हाताऱ्या सरुबाई माझ्याकडे बघत होत्या हो. मी डोळे मिटले आणि सुरू झालो. एक, दिंडोरी, पुंजाराम, गोत्र काश्यप. दोन, इगतपुरी, भारत, दोन भाऊ, आई बरोबर. तीन, पिंपळगाव बसवंत, कोंडाजी... थांबलोच नाही! लहानपणी मे महिन्याच्या सुटीत काका आंब्याआधी मला तालुकावार गावं म्हणायला लावायचे, त्याच चालीवर चौसष्टच्या चौसष्ट घरं, क्रमानं, नातवंडांसकट! इंदिरानगर सत्तावन्नावे निघाले. बसले जाऊन.

कोंडाजींचं वेळेत झालं. सरुबाई माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागं सरलो, तर मागं काका! डोळ्यांत पाणी. माणसाच्या डोळ्यांतलं असं पाणी बघून ओळखावं, की आता आपली सुटका नाही. म्हटलं, काका, नुसती जागा वाढवायची, एक सेटिंग बदलायची, पुन्हा लावतो... दोन कमांडचं काम!

काकांनी लॅपटॉप हळूच मिटला, त्याच्यावर उपरणं घातलं आणि मला गादीवर हाताला धरून बसवलं. "मशीन वाईट नाही रे, शौनक," म्हणाले, "पण त्याला वीज लागते. तुझं चहावर भागतं."