भंडारा उचलून दिलेला शब्द

मंडळी, आणि समोर बसलेल्या काकी,

परवा तुमच्या मालकांचा, आपल्या तात्यांचा दहावा झाला. आज त्यांच्याच मैदानावर मला बोलायला उभं केलंत. मी गोलकीपर होतो, वक्ता नव्हे. तात्या पलटणीतून निवृत्त होऊन कोरेगावात आले आणि त्यांनी इथं फुटबॉलचा पहिला संघ उभा केला. त्या संघातला मी. गोलात उभं राहून गप्प बघायची सवय लागली. पण आज गप्प बसलो तर ते पाप होईल.

बाहेर शेठनी पाठवलेलं भलंमोठं पुष्पचक्र तुम्ही पाहिलंच असेल. शेठ आलेले नाहीत.

गेल्या हंगामाआधी ते आले होते, ते आठवा. सातारा-सांगलीच्या लीगमध्ये आपण वर्षानुवर्षं खालच्या गटात. शेठ म्हणाले, "तात्या, पैसा मी टाकतो. वरच्या गटात न्हेतो का न्हाई बघा." शेठना नाद बैलगाडा शर्यतीचा. तिथं घरच्या बैलाला एक नामांकित बैल जोडला की गाडी पहिली येते. तोच हिशोब त्यांनी फुटबॉलला लावला. आणि आपल्याला तो पटला. का नाही पटणार? आपणही त्याच मातीतले.

तात्या हसले. "आवं शेठ, बैलं दोन असत्यात. हितं अकरा हायेत. आन् बैलाला पास द्यावा लागत न्हाई!"

तात्या पैशाच्या विरोधात नव्हते, हे नीट ऐका. म्हणायचे, "पैशानं बूट येत्यात, गुडघ्याला डॉक्टर येतो, मैदानाला पाणी येतं. ते आणा की! पर वरचा गट इकत मिळत न्हाई." त्यांनी एकच अट घातली. आपली पोरं काढायची नाहीत. ती पाळायची शपथ म्हणून खंडोबाच्या देवळात शेठनी आणि संघाच्या कमिटीनं हळदीचा भंडारा उचलला. मी तिथं होतो. भंडारा उचलून दिलेला शब्द, मंडळी!

हंगाम सुरू झाला आणि निम्मी पोरं संघाबाहेर. त्यांच्या जागी विकत आणलेले खेळाडू.

पैसा ओतून वर गेलेले संघ मी पाहिलेत. ओतून जागेवरच राहिलेलेही पाहिलेत. पैसा खात्री देत नाही. आपण ती खात्री समजलो, आणि देवाला दिलेला शब्द मोडला.

विकत आलेल्यांना मी दोष देत नाही. पोटासाठी खेळतात बिचारे. शेवटच्या सामन्याच्या दिवशी दुसरीकडं मोठ्या इनामाची स्पर्धा लागली, ते तिकडं गेले. त्यांनी कुठं भंडारा उचलला होता?

आणि तो सामना! जिंकलो असतो तर वर गेलो असतो. समोर सांगलीचा संघ, आणि त्यांच्या जर्सीत कोण? आपला दीपक. आपण काढलं म्हणून डेअरीतली नोकरी सांभाळत तिकडं खेळायला लागलेला दीपक. सामन्यातला एकुलता एक गोल त्याचा. गोल केला, पण नाचला नाही. सामना संपल्यावर येऊन तात्यांच्या पाया पडला आणि रडायला लागला. तात्या म्हणाले, "रडतुयास कशाला, गड्या? डावा पाय लय सुधारलाय की रं!"

दुसऱ्या दिवसापासून शेठचा फोन बंद. कमिटीतलं कोणी तात्यांच्या दारात गेलं? कोणीच नाही. तात्या अंथरुणाला खिळल्यावर मला म्हणाले, "सदा, हरलो त्याचं काय न्हाई रं. पर देवाफुडं त्यांनी भंडाऱ्याला हात का लावला?"

तोच सवाल आज तुम्हाला करतो. उत्तर आहे कोणाकडं? ते हात इथं पहिल्या रांगेत बसले आहेत.

आता म्हणे तात्यांच्या नावानं मोठ्या इनामाची स्पर्धा भरवायची. नका हो. त्यांच्यासाठी काही करायचंच असेल तर त्या पोरांना परत घ्या. आलीत ती. मागं गोलच्या खांबापाशी उभी आहेत, आपल्याच माणसाच्या शोकसभेत पाहुण्यासारखी. या रं, फुडं या. खालचा गट तर खालचा गट.

आता श्रद्धांजलीला उभं राहायचं नाही, वाकायचं. सामन्याआधी तात्या सगळ्यांना मैदानाच्या मातीवर तळहात टेकवून डोळे मिटायला लावायचे. त्यांची शिट्टी झाल्याशिवाय उघडायचे नाहीत. काकी, तुम्ही बसूनच राहा. बाकीच्यांनी टेकवा हात. कमिटीवाल्यांनो, भंडारा उचलला होतात, तोच हात टेकवा.

आज शिट्टी होणार नाही. डोळे कधी उघडायचे, ते ज्याचं त्यानं ठरवावं.