भिंगरीची उशी

—नाही नाही, सिस्टर, चेष्टा नाही ही, खरंच सांगतोय, ती निळी उशी तेवढी बदला. माझ्या नातीच्या, भिंगरीच्या डोक्याखालची. का म्हणजे? मळलीय. ढेकूण असतील. बरं, ढेकूण नाहीत— पण दवाखान्यातली एक उशी द्यायला तुमचं काय जातं? सून म्हणते, पोरीला घरच्या उशीशिवाय झोप लागत नाही. लागेल! माझी नात आहे, दगडावर झोपेल. हसताय? हसा. जन्मभर लोकांच्या चपला लपवल्या, सुनेच्या पिठाच्या डब्यात रबरी पाल ठेवली— आता घसा फोडून खरं बोललो तरी कोण ऐकतंय?

तुमचे डॉक्टरच म्हणाले ना मागच्या खेपेला? दम्याचं आणि जंतूंचं काहीतरी नातं असतं म्हणून. पोटात म्हणे चांगले जंतूही असतात, मोठा गोतावळा असतो त्यांचा. तान्हेपणी कान फुटला तेव्हा हिला औषधांवर औषधं पाजली, त्यात ते बिचारेही गेले असतील. गोठ्यात रांगणाऱ्या पोरांना दमा कमी होतो— म्हणाले की नाही? म्हणाले! पुढं आणखी काही सांगत होते, 'पण आता हिला' की काय... माझं कुठलं लक्ष! मी मनानं गोठ्यात पोचलोसुद्धा. सगळा जन्म गुरांत गेला माझा, कधी धाप लागली नाही. म्हटलं, सून घर फिनेलनं धुते, जंतू येणार कुठून? आपणच आणावेत चार—

कशातून म्हणजे? पिशवीतून. गुरांच्या गव्हाणीच्या तळाची, कडब्याची भुकटी हो, जुनी, वस्त्रगाळ... उशी उसवली, भरली, परत टाके घातले. झोपेत नाकातून जंतू आत जातील, गोतावळा भरेल, सुनेला पत्ता नाही. पोरीला मात्र वास आला. हसली. "आजोबा, आज काय भरलंय?" मी तिच्या उशीत नेहमी काहीबाही लपवतो ना, कधी गोटी, कधी घुंगरू. म्हटलं, गंमत आहे, कुणाला सांगायचं नाही.

आणि ती सांगत नाहीये हो! तुम्ही विचारलंत, आईनं विचारलं, काय हुंगलंस, कुठं खेळलीस— बघा, या काचेतून बघा. छाती भात्यासारखी वरखाली होतेय, तोंडावर मास्क, आणि माझ्याकडं बघून मास्कवर बोट ठेवतेय— गप्प म्हणून... सुनेला नका— नाही, सांगा! डॉक्टरांनाही सांगा, माझं नाव घेऊन सांगा! पण आधी ती उशी— अहो, माझं तोंड काय बघत बसलाय? पळा!