फेरपरीक्षेतला हरी

समारंभाचे अध्यक्ष आणि उंबरवाडीचे सरपंच माननीय नानासो, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आज शाळेतून निवृत्त होऊन सांगलीला भावाकडे निघालेल्या सत्कारमूर्ती शरयूबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या माताभगिनींनो व बंधूंनो,

मी चिंतामण. आठ वर्षांपूर्वी, एकसष्ट साली, साक्षरतेची परीक्षा घ्यायला मेढ्याहून आलेला अधिकारी. गावात माझी ओळख मात्र ‘बायडाबाईला नापास करणारा सायेब’ अशी आहे. लपवून काय उपयोग? तिसऱ्या रांगेत आत्ताच खसखस पिकली.

शरयूबाईंचा वर्ग तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी भाकऱ्या उरकल्या की बायांनी यायचं, पण एकटीनं नाही, लेकरू घेऊन. दोघांत एक पाटी. एका बाजूला आई लिहिणार, दुसऱ्या बाजूला पोर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाक मुरडलं होतं. म्हटलं, हा वर्ग की बारशाचा कार्यक्रम? बाई शांतपणे म्हणाल्या, “आई शिकली की पोर आपसूक येतं, आणि पोर आलं की आई मागं राहत नाही.” मला ते पटलं नाही. मी नियमाचा माणूस.

परीक्षेच्या दिवशी बाई साताऱ्याला सभेला गेल्या होत्या. बाकीची सगळी माणसं पास झाली. उरल्या बायडाबाई. त्या तेवढ्या पास झाल्या की सगळं गाव साक्षर म्हणून जाहीर व्हायचं होतं. मांडवाच्या वाश्यांची जमवाजमव झाली होती.

मी पुस्तक उघडून दिलं. धडा होता आळशी हरीचा. पुस्तकात छापलेलं, ‘हरी उशिरा उठला.’ बायडाबाईंनी वाचलं, “हे उशिरा उठले.” मी म्हटलं, नीट बघा. ‘हरीने बैल सोडले नाहीत.’ त्यांनी वाचलं, “ह्यांनी बैल सोडले न्हाईत.” पुढचं वाक्य होतं, ‘हरी आळशी होता.’ तिथं त्या थांबल्या आणि पुस्तक मिटून म्हणाल्या, “ह्ये काय खरं न्हाई, सायेब.”

मी शेरा मारला, ‘अंदाजाने वाचते. नापास.’

जाहीर समारंभ लांबला. पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या, एकीपायी गावाचं नाक कापलं. बायडाबाईंनी पाटी आढ्याला टांगली. त्यांची सहा वर्षांची जाई, तीही शाळेत येईना. “आय न्हाई, तर मी बी न्हाई,” एवढंच म्हणायची. मंडळी, माझ्या एका शेऱ्यानं दोघींची शाळा सुटली होती. हे आज सांगतानाही मला वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी शरयूबाई मेढ्याला चालत आल्या आणि मला घेऊनच निघाल्या. वर्गात मायलेकींना शेजारी बसवलं आणि तोच धडा उघडला. ‘हरी’ आलं की जाई वाचायची, पुढचं आई वाचायची. एकही अक्षर चुकलं नाही. मी तरी बावळटासारखा विचारतो, “हा एकच शब्द यांना का येत नाही?”

जाई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, “आवं, आय बापाचं नाव कसं घेईल?”

माझ्या घरी विनोदिनीबाई आहेत. लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी मला एकदाही चिंतामण म्हटलेलं नव्हतं. तरी जाई बोलेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. बरं, पडल्यावर तरी गप्प बसावं? मी म्हटलं, “नियमाप्रमाणे परीक्षार्थीनंच वाचलं पाहिजे.”

शरयूबाई म्हणाल्या, “मग उखाण्यात घेऊ द्या.”

बायडाबाईंनी पदर सावरला, शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या,

“एकाच पाटीवर शिकलो मायलेकी बराबरी,
सायेब म्हंत्यात वाचा, तर वाचते हरी.”

त्या धड्यात हरी सात वेळा होता. उरलेले सहा मी सोडून दिले. नियम मोडण्याची ती माझी पहिली वेळ. गाव साक्षर झालं, मांडव उभा राहिला, आणि जाई आज मेढ्याच्या हायस्कुलात आठवीला आहे. परवा मी ते जुनं रजिस्टर काढलं. माझ्या शेऱ्याखाली शरयूबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘परीक्षक अंदाजाने तपासतात.’ आठ वर्षं त्यांनी हे मला बोलून दाखवलं नाही. बाई, त्याबद्दल आभार.

आता गावाच्या वतीनं बायडाबाई मानपत्र वाचतील. ते त्यांनी आपल्या हातानं लिहिलं आहे आणि खाली पूर्ण नावानं सही केली आहे. मधल्या नावापाशी त्या थांबल्या तर कुणी हसू नका. जाई शेजारी उभी आहे, ती वाचेल. हरीबापू, तुम्ही मान वर करून ऐका. ‘ह्ये काय खरं न्हाई’ असं बायडाबाईंनी सरकारी परीक्षेतच सांगितलंय; तुम्ही आळशी नाही हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर शरयूबाई, लगेच नापास करू नका. मलाही एक फेरपरीक्षा द्या.