पिंकीच्या मसाल्यात काय होतं?

...आणि वर मलाच म्हणतात, ‘काका, तुम्ही लपवताय.’ आता तुम्हाला सांगतो, माणसाने लपवलेली गोष्ट त्याला काढून दाखवता तरी येते. मला मुळात माहीतच नाही, तर मी काय काढून दाखवू? येतात, सोफ्यावर बसतात, चहा घेतात, भिंतीवरचं कॅलेंडर बघतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात, आणि मग हळूच, आवाज खाली आणून... जणू मी एखाद्याचं लग्न मोडल्याचं कारण सांगणार आहे... ‘काका, पिंकीच्या मसाल्यात काय होतं हो?’

पिंकी म्हणजे पिंकी फ्राइड चिकन. तुम्ही नाशिकचे असाल आणि तीस-पस्तिशीच्या पुढचे असाल तर मला सांगायला नको. नसाल तर ऐका. पिंकी ही मालकांची मुलगी, तिला आम्ही कधी पाहिली नाही, पण तिच्या नावाने नाशिक, येवला, मनमाड, मालेगाव, संगमनेर, धुळे अशा सहा शाखा होत्या. परदेशी कंपन्यांची चकचकीत दुकानं आली नव्हती तेव्हापासून. पोरांचे वाढदिवस पिंकीत, दहावीचा निकाल पिंकीत, पहिला पगार पिंकीत. नवरा उशिरा घरी आला आणि ‘पिंकीकडे होतो’ म्हणाला तरी घरात भांडण होत नसे, इतकं नाव. मग मालकांच्या मुलांचं आपसात पटेना, एकेक शाखा मिटली, शेवटी शालिमारमागची आमची मिटली. आता तिथे मिसळ मिळते. नाशकात काहीही बंद पडलं की तिथे मिसळ सुरू होते, त्याला कोणाचाच इलाज नाही.

तर त्या आमच्या शाखेत हा रंगनाथ कोठुळे चोवीस वर्षं आचारी होता. आचारी म्हणायचं आपलं. तुम्हाला सांगतो, मी फक्त पिशवी फोडायचो. सिन्नरच्या गोडाऊनमधून सीलबंद पिशव्या यायच्या. नंबर एक, पीठ. नंबर दोन, मसाला. एक फोडायची, दोन फोडायची, परातीत हलवायचं, कोंबडी घोळवायची, तेलात सोडायची, घंटी वाजली की काढायची. घंटीसुद्धा मशीनच वाजवायचं. पिशवीवर काय लिहिलेलं असायचं? ‘कोरड्या जागी ठेवा.’ आम्ही ठेवली. संपलं ज्ञान.

पण कोणीतरी फेसबुकवर जुना फोटो टाकला. मी पांढऱ्या टोपीत, हातात झारा. खाली चारशे लोकांनी लिहिलं, ‘हाच तो हात.’ कुणाला तरी इंदिरानगरमधला माझा पत्ता माहीत, आणि झाली सुरुवात. पहिल्या पाच-सहा जणांना मी खरं तेच सांगितलं, की बाबांनो, मी फक्त पिशवी फोडायचो. ते हसले. ‘समजलं काका, गुपित आहे,’ म्हणाले, उरलेला चहा उभ्यानेच प्यायले आणि गेले. परत कोणी आलं नाही.

आता इथे घरची परिस्थिती तुम्हाला सांगायला हवी. आमची ही, साधना, दोन वर्षं झाली, पुण्याला मुलाकडे आहे. रविराजला मुलगी झाली, सूनबाई नोकरीवाली, बाळाला बघायला कोणी हवं. मीही गेलो होतो, नाही असं नाही. अकरा दिवस राहिलो. एक बेडरूमचं घर, बाळ झोपलं की टीव्ही बंद, खोकायचं असेल तर बाल्कनीत. बाराव्या दिवशी मीच म्हटलं, तिकडे कुंड्यांना पाणी घालायचं आहे. तर रोज संध्याकाळी हिचा फोन. गोळी घेतली का, घेतली. जेवण काय, केलंय. सगळं ठीक ना, सगळं ठीक. तीन मिनिटं. मग मी आणि चार कुंड्या.

अशात एक गृहस्थ आले मसाला विचारायला, आणि का कोण जाणे, मी म्हणून गेलो, ‘ओवा.’ बास, एवढंच. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पुढच्या बुधवारी परत आले, ‘ओवा घातला काका, पण तसं होत नाही.’ मी म्हटलं, भाजून घालायचा. त्याच्या पुढच्या बुधवारी परत. दीड तास बसले, त्यांच्या गुडघ्यांची सगळी हकीकत सांगितली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खरं सांगितलं तर माणूस उठून जातो आणि ओवा सांगितला तर बसतो. यात माझं काय चुकलं?

नाही, चुकलं. तेच सांगतोय.

एका रविवारी सकाळी एक मुलगी आली. निकिता. पाथर्डी फाट्याला राहणारी, तिशीच्या आतली, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. अंबडच्या कंपनीतून तिला आणि तिच्याबरोबरच्यांना कमी केलेलं. स्वतःचा चिकनचा गाळा टाकायचा म्हणत होती. लहानपणी प्रत्येक परीक्षेनंतर वडील तिला स्कूटरवरून पिंकीत आणायचे, आता वडील नाहीत, पिंकीही नाही. मी आपली सवयीने सुरुवात केली, ओव्याच्या आधी सगळ्यांना सांगायचो तेच, की बाई, मी फक्त पिशवी फोडायचो. आणि तुम्हाला सांगतो, ती हसली नाही. म्हणाली, ‘बरं. मग पिशवी फोडल्यावर वास कसा यायचा?’

चोवीस वर्षं आणि दुकान मिटल्यावरची नऊ... मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी विचार केला. म्हटलं, दोन शिंका यायच्या. तिने वहीत लिहिलं, ‘दोन शिंका.’ म्हणाली, काका, तुम्हाला मसाला माहीत नाही, पण तुम्ही रोज दुपारी तेच जेवायचात ना? मी करून आणते, तुम्ही फक्त कुठे कमी आहे ते सांगा.

मग दर रविवारी अकराला ती यायची. आमच्याच ओट्यावर तळायची. मी शनिवारी फरशी पुसायला लागलो, तुम्ही हसू नका, पडदेसुद्धा धुतले. दाढी रविवारी सकाळी. फोनवर साधना विचारायची, एकट्या माणसाला एवढं तेल कसं लागतं? मी म्हणायचो, महागाई. आता तेल महाग झालं म्हणून जास्त लागतं का? पण तिकडे बाळ रडायला लागायचं, विषय बारगळायचा.

पहिले काही रविवार खरंच कमी होतं. मिरी जास्त, मीठ उघडं. मग तिने सुंठ घातली, दुधाची पावडर घातली, लसूण ओला सोडून कोरडा घेतला. तळताना गप्पा मारायची, म्हणजे मीच मारायचो. मालेगावची शाखा उघडली तेव्हा पहिल्या दिवशी दरवाजाच कसा निखळला, मनमाडला रेल्वेची माणसं गाडी सुटायच्या आत कसं खायची. ती ऐकायची, विचारायची, ‘मग?’ तुम्हाला सांगतो, हा ‘मग’ शब्द घरात ऐकून मला दोन वर्षं झाली होती.

नवव्या रविवारी तिने मसाल्याचा डबा उघडला आणि मला शिंक आली. एक. आणि लगेच दुसरी. तिचं लक्ष तेलाकडे होतं. मी तुकडा उचलला, दाताखाली कर्रर झालं, आणि ते सगळंच समोर आलं हो... टाळूला लागणारी मिरी, मागून येणारी सुंठ, ट्यूबलाइट, रांग, काउंटरवर हनुवटी टेकवून उभी असलेली पोरं. तेच होतं. तंतोतंत. ती माझ्याकडे बघत होती, हातात झारा तसाच.

आणि मी म्हटलं, ‘जवळ आलंय. पण काहीतरी कमी आहे.’

का म्हटलं? मला विचारू नका. त्या क्षणी माझ्या डोक्यात मसाला नव्हता, दहावा रविवार होता. ती बरं म्हणाली. वहीत खाडाखोड केली. दहाव्या रविवारी आली, अकराव्या रविवारी आली, चांगलं झालेलं बिघडवत बसली, आणि मी मान डोलवत बसलो. मधेच एकदा म्हणाली होती, जॉगिंग ट्रॅकजवळ एक गाळा बघून ठेवलाय, चव पक्की झाली की हो म्हणणार. मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणणार नाही.

बाराव्या रविवारी आली ती डबा न घेता. बसली. पाणी प्यायली. गाळा गेला म्हणाली, मालकाने किती थांबायचं, कोणा आइस्क्रीमवाल्याला दिला. आता हा नाद सोडते, पुण्याला मैत्रिणीच्या कंपनीत जागा आहे, बघते. आणि मला म्हणते, ‘तुम्हाला उगाच त्रास झाला काका. दर रविवार मोडला तुमचा.’

तुम्हीच सांगा, यावर माणसाने गप्प बसायचं?

मी म्हटलं, ‘निकिता, ते झालंय.’

‘काय झालंय?’

‘मसाला. तीन रविवार झाले. नवव्या रविवारीच झाला होता.’

मग तिने वही काढली, पानं उलटली, नवव्या रविवारचं पान शोधलं. ‘मग कमी काय होतं?’

‘काही नाही. झालं म्हटलं असतं तर तू कशाला आली असतीस?’

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, हेल्मेट घेतलं, दारात थांबली. ‘काका, सगळे म्हणत होते तुम्ही खोटं बोलता, पिशवीचं. माझा एकटीचा विश्वास होता,’ म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी हिचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तेल, पडदे, मुलगी, गाळा, सगळं. ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘अहो, मी रोज विचारते, तुम्ही रोज सगळं ठीक म्हणता. एकदा तरी म्हणायचं होतं ना, करमत नाही म्हणून.’ मी म्हटलं, ‘म्हटलं असतं तर आली असतीस?’ तिने विचार केला. खोटं बोलायची सवय नाही तिला. म्हणाली, ‘चार दिवस आले असते.’

तर दुसऱ्या दिवसापासून मी निघालो. चपला घातल्या आणि गाळे शोधायला लागलो. तुम्हाला सांगतो, सबंध इंदिरानगर पालथं घातलं, राजीवनगर झालं, चेतनानगर झालं. शटर बंद दिसलं की शेजारच्याला विचारायचं, हे कोणाचं? लोकांना वाटायचं हा म्हातारा या वयात धंदा टाकतोय. एकाने तर हात जोडून सांगितलं, बाबा, घरी बसा. सतराव्या दिवशी राणेनगरच्या बोगद्याजवळ एक सापडला. लहान, पण कोपऱ्यावर, समोर क्लासेस, बाजूला भेळवाला. मालकाचा नंबर आणि फोटो निकिताला पाठवला. खाली लिहिलं, ‘चव झालेली आहे. रंगनाथ कोठुळे.’ दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. मी रोज उघडून बघायचो, खुणा निळ्याच.

दोन महिन्यांनी त्या रस्त्याने भाजी आणायला गेलो... भाजी काय घराजवळही मिळते, पण गेलो... तर त्याच गाळ्यावर पिवळा बोर्ड, पुढे हीऽऽ गर्दी. आत निकिता, डोक्याला रुमाल बांधून, तळतेय. मी रांगेत उभा राहिलो. ओळख सांगून पुढे जाणं बरं दिसलं नाही, आणि ओळख उरली होती की नाही तेही माहीत नव्हतं. माझा नंबर आला. तिने वर बघितलं. मागे पंधरा माणसं, घंटी वाजलेली. तिने प्लेट भरली, त्यात एक तुकडा जास्तीचा ठेवला आणि विचारलं, ‘कसं झालंय?’

मी तिथेच एक घास घेतला. म्हटलं, ‘झालंय.’

तिने मान हलवली. हसली की नाही ते वाफेत दिसलं नाही. मागचा म्हणाला, काका, सरका पुढे. सरकलो.

उभ्याने खायच्या टेबलाशी एक गृहस्थ होते, चाळिशीचे, गळ्यात ऑफिसचं कार्ड. माझ्याकडे बघून म्हणाले, पहिल्यांदाच आलात का? मी, का कोण जाणे, हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी सगळं समजावलं, आधी पाय घ्यावा, चटणी लावू नये, चव जाते. म्हणाले, ही जुन्या पिंकीची चव आहे, तुम्हाला नसेल माहीत. वडील न्यायचे आम्हाला, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत असायचो. इतकं छान बोलत होते की मला मधे तोडवेना. ‘आणि तिथे एक आचारी होता,’ म्हणाले, ‘काय हात होता त्याचा. मसाला कोणाला सांगितला नाही, मरेपर्यंत.’

मी विचारलं, ‘मरेपर्यंत?’

‘हो ना. करोनात गेला बिचारा. एकटाच असायचा म्हणे.’

आता काय करणार होतो मी? प्लेटमध्ये अजून दोन तुकडे होते, घरी चार कुंड्या, आणि समोर एक माणूस स्वतःहून बोलत होता. मी म्हटलं, ‘अरेरे. मग? तुम्ही सांगा सावकाश, मला काही घाई नाही.’