नवरदेवाची हळद रेडिएटरात

हसू नका गा, तुम्ही असते तर रडले असते. भावाची उष्टी हळद नवरीले लावायले मी मामाच्या जुन्या मोटारीतून उमरेडले निघालो. अर्ध्या रस्त्यात रेडिएटर गळू लागला. ड्रायव्हर म्हणे, "हळद टाकली का भोक बुजते जी." दुसरी हळद कुठून आणू? वाटीच रिकामी केली. गळणं थांबलं.

नवरीच्या आत्यानं रिकामी वाटी पाहिली. मी घाबरत खरं ते सांगितलं. ती तडक मोटारीपाशी गेली. भोकावर पिवळी खपली वाळली होती. "नवरदेवाचीच हाय ना? मंग झालं!"

माझ्या जिवात जीव आला. तिनं नख लावलं, तसा ड्रायव्हर ओरडला, "आत्याबाई, थोडीच खरवडा जी! आम्हाले वापस जायचं हाय!"